माडीवरचा केर

धुळोबा चालायचा तो मान खाली घालूनच. नव्या माणसाला वाटायचं, बिचाऱ्याचं काहीतरी हरवलंय. गल्लीतल्या जुन्यांना ठाऊक होतं की दुसऱ्यांचं जे सांडतं, त्यावर ह्याचं घर चालतं.

सोनारांची ती गल्ली अरुंद होती. दोन्ही अंगांना दुकानं, दुकानांच्या मागं कारखाने आणि कारखान्यांच्या डोक्यावर मालकांच्या माड्या. सकाळी दारं उघडायच्या आधी तिथं कोळशाचा आणि तेजाबाचा वास साचून राहिलेला असायचा. कानस चालली की सोन्याची बारीक कणी उडते. डोळ्याला दिसत नाही. ती कारागिराच्या बाहीवर बसते, भुवईत अडकते, चपलेला चिकटते आणि संध्याकाळी झाडलोट झाली की केरात जाते. तो केर धुळोबा विकत घ्यायचा. घरी नेऊन चाळायचा, ओढ्याच्या पाण्यात काठवटीत घोळायचा, तळाला राहिलेल्या काळ्या रेतीत पारा फिरवायचा आणि शेवटी सगळं मुशीत घालून शेगडीवर ठेवायचा. पोतंभर केरातून मसुराएवढा पिवळा रवा निघाला की त्या दिवशी त्याचं बोलणं गोड व्हायचं. हे झारेकऱ्याचं काम. ते करणारे आता फार उरले नव्हते आणि धुळोबाला त्याचाच ताठा होता.

"काय धुळोबा, काल काय पिकलं आमच्या केरात?" सराफाच्या कारखान्यातला म्हातारा कारागीर रोज विचारायचा. जन्मभर नळी फुंकून विस्तव फुलवणारा तो माणूस. सगळे त्याला फुंकणीकाका म्हणायचे.

"कसलं पिकतंय! काल तर पोत्यातून नुसती तुमची दाढी निघाली."

"मग धुवायची होती की! उभ्या जन्माचं सोनं बसलंय त्या दाढीत."

"धुतली. पांढरीफेक निघाली. चांदीच्या भावात विकून टाकली."

काका खोकेपर्यंत हसायचा. मग केराचं पोतं पुढं यायचं, दोघांच्या देखत सुतळीनं तोंड बांधलं जायचं आणि गाठ बसली की व्यवहार संपला. आत माती असो की मोहर, विकणाऱ्यानं मागं वळून बघायचं नाही आणि घेणाऱ्यानं तक्रार करायची नाही. गल्लीतला हा रिवाज दोन्ही बाजूंनी पाळला जायचा.

दुसरा एक रिवाज मात्र गल्लीला माहीत नव्हता. तो फक्त झारेकऱ्यांचा होता. क्वचित, फार क्वचित, केरात अख्खी वस्तू यायची. कधी साखळीचा आकडा, कधी बाळाच्या कानातली बाळी. धुळोबाच्या बापानं त्याला लहानपणीच सांगून ठेवलं होतं, "आकाराला संध्याकाळ बघू द्यायची नाही. रवा कुणाचा नसतो. आकार मात्र धन्याला हाका मारतो. त्या हाका कुणाच्या कानावर गेल्या की आपण चोर. म्हणून हातोडा घे, मोड, वितळव. खडा असला तर काच समजून पाण्यात सोड. खडा तर आकारापेक्षाही बोलका." धुळोबानं हे देवाच्या वचनासारखं पाळलं. गाठ बसलेल्या पोत्यातलं जे, ते आपलं. त्यात त्याला पाप वाटत नव्हतं. पाप वाटलं असतं तर साव दिसायला त्यानं मान वर करून चालायला शिकून घेतलं असतं.

बायको गेल्यावर घरात दोन मुली राहिल्या. थोरली लग्न करून दूरच्या शहरात गेली. धाकटी हुशार, हाताला चपळ आणि तोंडाची सरळ. इतकी सरळ की तिच्या पोटात खोटं टिकायचं नाही, आणि खरं तर त्याहून टिकायचं नाही. शेजारणीनं नवी साडी दाखवली तर ही म्हणायची, "काकू, रंग चांगला आहे, तुम्हाला नाही चांगला दिसत." धुळोबा डोक्याला हात लावायचा. सराफाच्या माडीवर झाडलोटीला बाई हवी होती तेव्हा त्यानंच शब्द टाकून तिला कामाला लावलं होतं. आता थोरलीनं तिच्या शहरात एका शिवणाच्या कारखान्यात धाकटीसाठी जागा धरून ठेवली होती. राहायला बहिणीचं घर, शिकायला मशीन. महिना संपला की धाकटी निघणार होती. तिनं कापडाची पिशवी स्वतः शिवून तयार ठेवली होती आणि रोज ती झटकून पुन्हा खुंटीला लावायची.

त्या दिवशी दुपार कलली होती. ओढ्याच्या काठी बसून धुळोबा सराफाच्या कारखान्याचं पोतं चाळत होता. वारा पडला होता. पलीकडच्या झाडावर एरवी भांडणाऱ्या साळुंक्या, कोण जाणे का, गप्प होत्या. चाळणीत कोळशाचे तुकडे, दोऱ्याची गुंडी, केसांचा पुंजका असं काहीबाही उरलं होतं. केसांचा पुंजका त्यानं बोटांनी उकलला आणि त्यातून लाल डोळा उघडावा तसं काहीतरी चमकलं.

कानातलं फूल होतं. अख्खं. सोन्याच्या पाच पाकळ्या, मध्ये डाळिंबाच्या दाण्याएवढा लाल खडा. पाकळ्या जुन्या हाताच्या, कडा झिजलेल्या. कुणीतरी ते वर्षानुवर्षं घालून झोपलं असेल, उठलं असेल, असं ते अंगवळणी पडलेलं दिसत होतं.

धुळोबाचा हात थांबला. एरवी असं काही सापडलं की छातीत उकळी फुटायची. आज छातीत दगड ठेवल्यासारखं झालं. त्यानं मागं वळून पाहिलं. कुणी नव्हतं. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. केसांचा पुंजका अजून बोटाला गुंडाळलेला होता. कारखान्यात सगळे पुरुष, आणि हे केस लांब होते. हा विचार मनात आला, उंबऱ्यापर्यंत आला, आणि धुळोबानं त्याला आत घेतलं नाही. संध्याकाळ व्हायला आली होती. बापाचा आवाज त्या विचारापेक्षा जुना होता.

त्यानं फूल काठावरच मांडलेल्या ऐरणीवर ठेवलं. चिमट्यानं खडा काढला आणि पाण्यात टाकला. ओढ्यानं तो गिळला, टपोऱ्या थेंबाएवढासुद्धा आवाज झाला नाही. मग हातोडा. पाकळ्या मिटल्या, चपट्या झाल्या. बाकीच्या पिवळ्या कणीबरोबर त्यानं त्या मुशीत घातल्या, भाता मारला. विस्तव लाल झाला, मग पांढरा. दिवेलागणीला त्याच्या तळहातावर एक गोळी होती. मसुराएवढी नव्हती, वाटाण्याएवढी होती. ती त्यानं कंबरेच्या बटव्यात बांधली. धाकटी त्या दिवशी कामावरून घरी आली नाही. मालकांकडे पाहुणे असले की ती कधी कधी माडीवरच राहायची. त्यानं एकट्यानंच जेवून घेतलं.

सकाळी गल्लीत शिरला तर फुंकणीकाकानं दाढी वर केली नाही.

"काय काका, नळीत जीव अडकला का?"

काका उठून बाहेर आला. धुळोबाला हाताला धरून त्यानं भिंतीशी नेलं. "तुला कळलं नाही? वर सूनबाईंच्या कानातलं गेलंय. परवा केस विंचरताना काढून ठेवलं होतं म्हणे. खोलीत तुझ्या पोरीशिवाय कुणी जात नाही."

"कसलं कानातलं?" धुळोबानं विचारलं. उत्तर त्याच्या कंबरेला लागून होतं.

"फूल. पाच पाकळ्यांचं, मध्ये लाल. सूनबाईंच्या आईचं. सोनं काय रे, सोनं मी उद्या घडवून देईन. तो खडा! मालक सांगत होते, तसा खडा ह्या गल्लीत दुसरा नाही. सोन्याला कोण विचारतो त्याच्यापुढं?" काकानं आवाज आणखी खाली घेतला. "पोरीला कालपासून घरी जाऊ दिलेलं नाही."

धुळोबाला वाटलं, आपण चालत नाही आहोत, गल्लीच आपल्याला आत ओढतेय.

सराफ गादीवर बसला होता. गोरा, भरल्या अंगाचा, हलक्या आवाजाचा माणूस. त्याला ओरडताना कुणी ऐकलं नव्हतं. त्याचे कारागीर म्हणायचे, ओरडला असता तर बरं झालं असतं.

"बस, धुळोबा. पाणी घेणार?"

"मालक, माझी पोरगी..."

"तिला कुणी चोर म्हटलंय का?" सराफानं समोरचा रुमाल उलगडला. आत दुसरं फूल होतं. जोडीतलं उरलेलं. पाचही पाकळ्या जागच्या जागी, मध्ये तो लाल दाणा. धुळोबानं नजर काढून घेतली. "पोलिसांना बोलावलं नाही. बोलावणारही नाही. वस्तू हरवली, ठीक आहे, वस्तू हरवतात. पण किंमत हरवत नसते. ती कुठून तरी यावी लागते. खोली तिच्या हाताखाली होती, तेव्हा ती फेडेल. इथंच राहील, काम करेल. फिटलं की जाईल."

"तिला महिन्याअखेर बहिणीकडे जायचंय, मालक."

"कळलं मला. बहीण थांबेल."

"कधीपर्यंत?"

सराफानं रुमालाच्या चार कडा आत दुमडल्या, एकेक करून.

धाकटीला भेटायला त्याला मागच्या पायरीवर जाऊ दिलं. तिचं अंथरूण जिन्याखालच्या सांदीत टाकलेलं होतं, तिथं उभं राहिलं तर डोकं लागायचं. रात्रभर झोपली नव्हती. तरी रडलेली नव्हती, चिडलेली होती.

"बाबा, मी सगळी खोली पालथी घातली. पलंग हलवला, गालिचा झटकला, मोरी उपसली. वहिनी रडतात आणि माझ्याकडे अशा बघतात जणू मी गिळलंय. म्हटलं, वहिनी, पोट फाडून दाखवू का?"

"असं बोलू नये."

"मग कसं बोलू? गोड?" तिनं इकडंतिकडं पाहून आवाज खाली आणला. "बाबा, मला काल एकदम आठवलं. माडीवरचा केर मी तुमच्या पोत्यात टाकते."

धुळोबाच्या कानात ओढ्याचं पाणी वाजायला लागलं.

"कुठल्या पोत्यात?"

"कारखान्याच्या हो. मागच्या दारात असतं ना, तुम्ही येईपर्यंत उघडंच. पहिल्यापासून टाकते. मालक वर बसून दागिने बघतात, गालिच्यावर कणी पडत असेल, उकिरड्यावर कशाला जाऊ द्यायची? बाबांच्या तरी कामाला येईल. त्या दिवशीसुद्धा टाकला. केसाबिसात अडकून फूल त्यात गेलं असणार." ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. डोळ्यांत आशा होती, ती त्याला बघवेना. "तुम्हाला काही मिळालं का चाळताना?"

एका क्षणात धुळोबानं सगळं पुढचं पाहिलं. 'हो' म्हटलं असतं तर ती तिथूनच ओरडली असती, सापडलं, सापडलं! सराफ आला असता. दाखव म्हणाला असता. आणि त्यानं काय दाखवलं असतं? गोळी. पोरगी केरात टाकते, बाप विकत घेतो, घरी नेऊन मोडतो, खडा लपवतो. पोतं बांधायचा रिवाजसुद्धा मग कटाचाच भाग ठरला असता. हे सगळं शब्दाशब्दानं खरं होतं आणि शब्दाशब्दानं चोरी दिसत होतं. एकट्याची नव्हे, दोघांची. आणि माडीवरचा केर कारखान्याच्या पोत्यात येतो हे धुळोबाला माहीत नव्हतं, हे ऐकून गल्लीतलं कुत्रंसुद्धा हसलं असतं.

"नाही," तो म्हणाला. "काही नाही मिळालं."

"नीट बघितलं?"

"निम्मं पोतं राहिलंय अजून. बघतो. पण पोत्याचं मालकांना सांगू नकोस."

"का? खरंच आहे ते."

"मी सांगेपर्यंत नाही. मला शब्द दे."

तिनं दिला, पण तिचा शब्द म्हणजे ओंजळीतलं पाणी, हे बापाला माहीत होतं. "उद्यापर्यंत थांबते बाबा. मग मी सांगून टाकणार. माझ्याच्यानं नाही राहवत."

तो ओढ्यावर पळत गेला. एवढ्या वर्षांत त्याला कुणी पळताना पाहिलं नव्हतं. सोनं गेलं होतं ते गेलं, पण खडा मिळाला तर किंमत मिळाली, किंमत मिळाली तर निदान पोरगी सुटेल, मग माझं काय व्हायचं ते होवो. तो पाण्यात उतरला, जिथं ऐरणीसमोर खडा टाकला होता तिथला गाळ ओंजळींनी काठवटीत भरला आणि घोळायला लागला.

हात आपोआप फिरत होते. पुढं, मागं, गोल, एक हिसका. प्रत्येक हिसक्याला हलकी वाळू, दगडगोटे, कचरा काठावरून बाहेर सांडत होता आणि तळाला जड काळी रेती राहत होती. बऱ्याच वेळानं त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याचे हात हवेत तसेच राहिले. सोनं जड असतं, ते तळाला बसतं. खडा हलका. ह्या हातांना सारी हयात एकच शिकवण होती, सोनं ठेवायचं, खडे फेकायचे. तो खडा त्याच्या काठवटीत आला असेल तर त्यानं स्वतःच, सवयीनं, दुसऱ्यांदा पाण्यात सोडला होता.

मग त्यानं काठवट बाजूला फेकली आणि बोटांनी शोधायला लागला. चिमूट चिमूट गाळ. लाल दिसेल ते उचलायचं. विटेचा तुकडा निघाला, बांगडीची काच निघाली, कुठल्याशा डबीचा पत्रा निघाला. वरच्या अंगाला कुणी म्हशी पाण्यात घातल्या आणि ओढा गढूळ झाला. गढूळ पाणी निवळेपर्यंत तो गुडघाभर पाण्यात तसाच उभा राहिला. निवळलं तेव्हा तळाची सगळी वाळू जागा बदलून बसली होती. गाळात कुठं काय आहे हे पायाच्या बोटांनी सांगणाऱ्या ह्या माणसाला आता ओढा अनोळखी झाला होता. अंधारायला लागलं तेव्हा तो बाहेर आला. नखांतून रक्त येत होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानं उघडायच्या आधी तो सराफापुढं उभा राहिला. रात्रीतून त्यानं एक गोष्ट तयार केली होती. त्याची आयुष्यातली ती पहिली बनवलेली गोष्ट. पहिल्या गोष्टीसारखीच ती कच्ची होती.

त्यानं बटव्यातली गोळी काढून गादीवर ठेवली.

"फूल मी घेतलं मालक. पोरीला भेटायला वर आलो होतो. ती मोरीत होती. आरशाशी दिसलं, बुद्धी फिरली. तिला काही माहीत नाही. तिला सोडा."

सराफानं गोळी उचलली. तराजूत टाकली, कसोटीच्या काळ्या दगडावर तिची रेघ ओढली, रेघेकडे वेळ घेऊन पाहिलं.

"खडा?"

"फेकला."

"कुठं?"

"ओढ्यात."

आणि सराफ हसला. आवाज न करता, नुसते खांदे हलवून. "धुळोबा, चोर सोनं फेकेल, आणि खडा पोटाशी धरून पळेल. खडा फेकणारा चोर मी अजून पाहिला नाही. आणि माडीवर तू आलास? माझ्या जिन्याची पायरी तरी तुला माहीत आहे का, लाकडाची की दगडाची?"

जिना धुळोबानं खालूनच पाहिला होता, आणि आता आठवेना.

"तू खोटं बोलतोयस," सराफ आधीच्याच मऊ आवाजात म्हणाला. "पण मला खऱ्याची गरज नाही. नुकसानीपुढं कुणीतरी उभं लागतं. पोरीपेक्षा तू बरा. ती भांडी घासेल, तू सोनं काढशील." त्यानं मागच्या अंगणाकडे बोट केलं. उंच भिंतींचं, एकाच दाराचं अंगण. "तिथं हौद आहे. आजपासून धूळ इथंच धुवायची. माझ्या कारखान्याची, आणि गल्लीतून तू जी आणशील तीही. रवा माझ्या हातात द्यायचा. जेवण मिळेल. खड्याची किंमत फिटली की तू मोकळा."

"किंमत किती, मालक?"

"ती फिटली की सांगेन ना."

धुळोबानं अंगणाचं ते एकच दार पाहून घेतलं. "पोरगी आज जाईल?"

"आत्ता जाईल."

धाकटीला खाली बोलावलं. ती जिना उतरली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर कालचा उजेड होता. बापाला पाहून तिला वाटलं, पोत्यात सापडलं.

"तुझ्या बापानं कबूल केलंय," सराफ म्हणाला. "फूल त्यानं घेतलं. तू जा आता."

"बाबांनी? बाबा कधी माडीवर..." ती सराफाकडे वळली. "मालक, ऐका, मी तुम्हाला सांगते काय झालं ते. केर मी..."

"तोंड बंद!" धुळोबा ओरडला. मागं कारखान्यात शेगडीशेजारी बसलेल्या फुंकणीकाकाच्या हातातली नळी पडली. पोरीवर तो असा कधीच ओरडला नव्हता, तिच्या आईवरही नाही. "एक अक्षर बोलू नकोस. पिशवी घे आणि चालायला लाग. तुझ्या तोंडापायी आधीच काय कमी वाटोळं झालंय माझं?"

ती पांढरी पडली. मग तिची नजर गादीवर गेली. तिथं ती गोळी होती. झारेकऱ्याची पोरगी ती, मुशीतून निघालेलं सोनं तिला कुणी ओळखून द्यायला नको होतं. ती गोळीकडे बघत राहिली, आणि धुळोबाला दिसलं की तिच्या मनात एकेक गाठ सुटतेय आणि शेवटची गाठ चुकीच्या बाजूनं सुटतेय.

सराफानं त्याला बसच्या थांब्यापर्यंत जायची परवानगी दिली. दुकानाचा पहारेकरी थोडं अंतर ठेवून मागून येत होता. घरून पिशवी घेतली. धुळोबानं ती हातात घ्यायला बघितलं तर तिनं ती दुसऱ्या खांद्यावर टाकली. भेटणारी माणसं बाजूला होत होती. बातमी त्यांच्या पुढं चालत होती.

बस उभीच होती. धाकटी चढली, खिडकीपाशी बसली, आणि मग गजांतून तिनं थेट त्याच्याकडे पाहिलं.

"बाबा, एकच विचारते. काल मी पायरीवर विचारलं, काही मिळालं का. तेव्हा ते तुमच्याकडे होतं?"

ह्या पोरीशी खोटं बोलायची एकाच वेळेपुरती ताकद त्याच्यात होती, ती पायरीवर खर्च झाली होती.

"होतं," तो म्हणाला.

"अंगावर होतं?"

"कंबरेला."

"मी जिन्याखाली बसले होते आणि तुम्ही ते कंबरेला बांधून माझ्यासमोर उभे होतात. नाही म्हणालात. का, बाबा? एवढंच सांगा. तुम्ही काही वेगळं सांगितलंत तर मी आत्ता उतरते. आत्ता जाऊन मालकांना सांगते."

भीती तीच होती. ती उतरली असती. पिशवी फेकून पळत गेली असती, गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत, की केर मी टाकला, बाबांना ठाऊक नव्हतं. सराफानं शांतपणे ऐकून घेतलं असतं. त्या अंगणात दोघांना पुरेल एवढी जागा होती.

चालक चढला, दार आपटलं.

"थोरलीला सांग, तू पोचलीस की कळवायला," धुळोबा म्हणाला. "आणि मशीनवर वाकून बसू नकोस. पाठ दुखते."

तिनं खिडकीची काच ओढून घेतली. काचेवर धूळ होती, आत ती नीट दिसेना.

बस गेल्यावरही तो तिथंच उभा होता. पहारेकऱ्यानं जवळ येऊन त्याच्या कोपराला हात लावला. "चला काका. हौद भरून ठेवलाय, मालक वाट बघतायत."